गौरीच्या खोकल्याचं नाव

त्या गुरुवारी मी अक्कलकोटला निघाले ती स्वामींशी भांडायचं ठरवूनच. देवाचा अनुभव लिहिताना अशी सुरुवात बरी दिसत नाही, हे मलाही कळतं. पण अनुभव जसा आला तसाच लिहावा, मागाहून हळदकुंकू वाहून त्याला सजवू नये, असं माझं मत आहे. आमची गौरी तेव्हा सहा वर्षांची होती आणि ती खोकली नाही असा एकही दिवस मला आठवत नव्हता. साधा कोरडा खोकला असता तर आलं-मध करून भागवलं असतं. हिच्या छातीत कफ घट्ट बसलेला असायचा, घरघर बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू यायची आणि रोज सकाळी खोकता खोकता उलटी व्हायची. नाक बारा महिने वाहायचं. सोलापूरच्या मे महिन्यात कावळासुद्धा सावली सोडत नाही, तेव्हाही हिच्या मुठीत रुमाल. कान फुटायचा तो वेगळाच.

जन्मली तेव्हा वजन चांगलं होतं, रडलीही खणखणीत. पण काही तासांतच तिचा श्वास भात्यासारखा चालायला लागला आणि तिला काचेच्या पेटीत, प्राणवायूवर ठेवावं लागलं. त्यातून ती बरी होऊन घरी आली, पण येताना खोकला घेऊन आली. त्यानंतर जो भेटला त्यानं त्या खोकल्याचं बारसं केलं. कुणी बाळदमा म्हटलं, कुणी ॲलर्जी म्हटलं. दोनदा 'प्रायमरी कॉम्प्लेक्स' ठरलं, म्हणजे लहान मुलांचा क्षय, आणि दोन्ही वेळा महिनोन् महिने मी त्या गोळ्या कुटून मधातून चाटवल्या. शेजारीण म्हणाली, नजर लागलीय. तेव्हा आम्ही यंत्रमागांच्या वस्तीत राहायचो. दिवसभर खडखडाट आणि हवेत सुताचा भुगा, त्यामुळे शेवटी सगळ्यांनी मिळून दोष मागांच्या माथी मारला. आम्ही जुळे सोलापूरला भाड्यानं घर घेतलं. सामानाबरोबर खोकलाही त्याच टेम्पोतून नव्या घरी आला.

डॉक्टरांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. प्रत्येकानं मनापासून प्रयत्न केला. ते विचारायचे आणि आम्ही सांगायचो, त्यावरच तर त्यांचं औषध ठरणार. भांडायला जायच्या आदल्या दिवशी मात्र छातीचा सीटी स्कॅन झाला होता आणि गौरीच्या फुप्फुसाचा खालचा थोडा भाग कायमचा खराब झाल्याचं त्यात दिसलं होतं. आमचे नेहमीचे डॉक्टर सरळ माणूस. ते म्हणाले, "ताई, कारण सापडत नाही तोवर आपण अंधारात औषध देतोय. आणि गेलेला भाग परत मिळत नसतो. उरलेला वाचवायचा आहे." उरलेला! सहा वर्षांच्या पोरीच्या बाबतीत कुणी असा शब्द वापरावा?

माझ्याबरोबर आत्या होत्या. आमच्या भागात सुना सासूला आत्याच म्हणतात, नातं असो वा नसो. माझ्या सासूबाई मात्र माझी खरीखुरी आत्या, माझ्या वडिलांची सख्खी थोरली बहीण. त्यांचं सासर जेऊरचं, माहेर बार्शीचं. मी दहावीत होते तेव्हाच त्यांनी भावाला बजावून ठेवलं होतं की ही पोरगी बाहेर द्यायची नाही, तिच्यावर पहिला हक्क माझा. आमच्यात तसंच असतं. भावानं मुलगी दुसरीकडे दिली की आत्या जन्मभर रुसून बसते, लग्नकार्यात पंगतीला बसत नाही. लहानपणी सुट्टीत मी माझ्या नवऱ्याला 'ए बोक्या' म्हणून हाक मारायची. अक्षता पडल्या आणि दुसऱ्या दिवसापासून 'अहो' म्हणायची वेळ आली, तेव्हा दोघांनाही हसू आवरेना. हे टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्यात आहेत, मी घरी ब्लाउज शिवते. घर आत्यांच्या शब्दावर चालायचं आणि मला त्याचं वाईट वाटायचं नाही, कारण सासूच्या आधी ती माझी आत्या होती.

तर गाभाऱ्यासमोर उभी राहून मी मनातल्या मनात स्वामींना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते, 'आता पुन्हा येणार नाही' इथपर्यंत मजल गेली होती. तीर्थसुद्धा न घेता मी बाहेर आले आणि थेट बसस्टँड गाठायला निघाले. आत्या आडव्या आल्या. "परसाद न घेता कुटं निघालीस? पोर उपाशी हाय की. राग देवावर, आन उपास पोरीला?" त्यांच्यापुढे माझं कधी चाललंय? गेलो आम्ही अन्नछत्राच्या रांगेत.

रांगेत उभं असतानाच गौरीला उबळ आली. अशी की ती वाकली, डोळ्यांतून पाणी, ओठ निळसर. करोना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी खोकणाऱ्या माणसाभोवती रिकामी जागा पडतेच. कुणी पदर नाकाला लावला, कुणी पोराला ओढून घेतलं. मी त्यांना दोष देत नाही, मीही तेच केलं असतं. सगळे मागे सरकले आणि त्या मोकळ्या जागेतून एक बाई पुढे आली. ठसठशीत कुंकू, अंगावर सुती इरकल, काखेतली पिशवी तिनं जमिनीवर टाकली आणि मला काही विचारायच्या आत गौरीला आपल्या मांडीवर पालथं घातलं, डोकं खाली. मग तळहाताची वाटी करून तिच्या बरगड्यांवर थापट्या मारायला लागली. मी ओरडणारच होते. तेवढ्यात गौरीनं कफाचा हा एवढा गोळा बाहेर टाकला आणि भरभरून श्वास घेतला. तसा मोकळा श्वास मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"घाबरू नको अक्का," ती म्हणाली. "माझा पोरगा पण असाच आहे. हे खोकला मी झोपेत पण ओळखते." ती आमच्या सोलापूरचीच निघाली, पूर्व भागातली. तेलुगू बोलणारं विणकर घर. नाव पद्मा. तिनं मला एका बाजूला बसवलं आणि विचारायला लागली. जन्मल्यावर पेटीत ठेवली होती का, नाक सारखं वाहतं का, कान फुटतो का, क्षयाच्या गोळ्या झाल्या का. मी प्रत्येक प्रश्नाला नुसती मान हलवत होते. सहा वर्षांची आमची कहाणी मी न सांगता ही बाईच सांगत होती. शेवटी तिनं विचारलं, "लग्न रक्तात झालंय का तुमचं?"

"नाही," मी म्हटलं. हा प्रश्न आम्हाला नवा नव्हता. प्रत्येक दवाखान्यात तो विचारला गेला होता आणि आम्ही दोघांनीही प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलं होतं, अगदी प्रामाणिकपणे. आमच्या लेखी रक्त म्हणजे भावकी. एका आडनावाची, एका कुळाची, एका देवकाची माणसं. त्यांच्यात लग्न म्हणजे पाप. नुसतं बोलायचीही चोरी. आत्या लग्न होऊन गेली की तिचं कुळ बदललं, देवक बदललं, ती सोयऱ्यांत गेली. तिच्या मुलाशी लग्न म्हणजे सोयऱ्यात सोयरीक. त्यात रक्त येतंच कुठे?

पद्माअक्का हसली, पण ते हसणं काही सुखाचं नव्हतं. म्हणाली, "मी पण नाहीच म्हणाले होते. आमच्यात मामाला देतात. आईच्या सख्ख्या भावाला. माझा नवरा माझा मामाच आहे. मामा म्हणजे आमच्यात नवऱ्याचं घर, रक्त कसं होणार? असंच म्हणत बसले आणि माझी पहिली मुलगी गेली. कशानं गेली ते कुणाला कळलं नाही." तिनं पदरानं गौरीचं तोंड पुसलं. "मुलाच्या वेळेला एक डॉक्टर असं विचारले नाहीत. ते विचारले, तुझ्या नवऱ्याच्या आईचं नाव सांग, तुझ्या आईच्या आईचं नाव सांग. दोन्ही एकच नाव आलं. मग रक्त परगावी पाठवून टेस्ट केले. आता तुझं सांग, नवरा कोण लागतो?"

"आतेभाऊ," मी म्हटलं आणि स्वतःचाच आवाज मला परका वाटला. आत्या शेजारीच बसल्या होत्या. प्रसादाचं ताट समोर आलं तेव्हा त्यांनी भाताला हात लावला नाही.

पद्माअक्कानं सांगितलं की लहान मुलांच्या फुप्फुसांचे एक डॉक्टर दर सोमवारी बाहेरगावाहून सोलापुरात येतात, मी मुलाला घेऊन जाते, तुम्ही या, मी तिथे असेन. परतीच्या एसटीत आत्यांनी तोंड उघडलं. "वळख न पाळख, रांगंतल्या बाईचं ऐकून पोरीचं रक्त परगावी धाडायचं व्हय? आन काय सापडलं तर? गावभर व्हईल, ह्यांच्या घरात खोट हाय म्हनून." मी खिडकीबाहेर बघत राहिले. भांडून आलेल्या बाईला लगेच उत्तर मिळावं आणि तेही असं मिळावं, हे मला पचत नव्हतं. उत्तर मिळालं म्हणून हात जोडावेत तर त्या उत्तरानं घर फुटायची भीती. खरं सांगते, त्या क्षणी मला कृपाबिपा काही वाटली नाही, नुसती धडकी भरली.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "खोट असंल तर असंल. पोरीचा श्वास म्हत्त्वाचा का आपलं नाक?" सोमवारी आम्ही चौघे गेलो. आत्या येणार नाहीत असं वाटलं होतं, पण सकाळी बघते तर नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन दारात तयार. पद्माअक्का शब्दाप्रमाणे बाकावर बसलेली होती. अशा अनुभवांत मदत करून गेलेली व्यक्ती पुन्हा कुणाला सापडत नाही, शोधलं तरी त्या नावाचं कुणी तिथे नसतंच, असं मी पुष्कळदा वाचलंय. आमची पद्माअक्का चांगली सापडते. रोज सकाळी मला फोनवर फुलांचं चित्र पाठवते आणि माझी शिलाई महाग आहे म्हणून वादही घालते. त्यामुळे ती कोण होती असा प्रश्न मला पडत नाही. ती त्या दिवशी रांगेत आमच्यामागे का होती, एवढाच पडतो, आणि त्याचं उत्तर शोधायच्या फंदात मी पडत नाही.

डॉक्टरांनी गौरीला तपासलं आणि मग कोऱ्या कागदावर आमचा वंशवृक्ष काढायला घेतला. बायकांसाठी गोल, पुरुषांसाठी चौकोन. गौरीचा गोल त्यांनी रंगवला. मला आणि ह्यांना जोडणारी रेघ मात्र त्यांनी दुहेरी मारली. आत्यांची नजर अजून तीक्ष्ण आहे. त्या पुढे वाकल्या. "हितं दोन रेघा का वो, डॉक्टर?"

"रक्ताच्या नात्यातलं लग्न असलं की अशा काढतात, आजी."

"आमचं कुटं रक्ताचं? ही माझ्या भावाची, त्यो माझा. कुळ येगळं, देवक येगळं."

डॉक्टर चिडले नाहीत की हसले नाहीत. त्यांनी माझ्या गोलावर बोट ठेवलं, तिथून माझ्या वडिलांच्या चौकोनावर नेलं, तिथून वर. "आजी, हा गोल कुणाचा?" "माझ्या आयचा." मग ह्यांच्या चौकोनावर बोट ठेवलं, तिथून आत्यांच्या गोलावर, तिथून वर. बोट त्याच गोलावर येऊन थांबलं. "आणि हा?" आत्यांनी पदर पुढे ओढून घेतला आणि कागदाकडे बघत राहिल्या.

तिघांचं रक्त घेतलं. गौरी रडली नाही, ह्यांनी मात्र तोंड भिंतीकडे फिरवलं. सुई शेवटी मला टोचली. आटोपून उठतोय तर आत्यांनी दंडावरचा पदर बाजूला केला आणि हात पुढे केला. "माझंबी घ्या की. मूळ तर माझ्याकडंच हाय." तिथली मुलगी म्हणाली, आजी, तुमचं लागत नाही. आत्यांनी तो हात कितीतरी वेळ तसाच पुढे धरून ठेवला होता. मला आजही तो आठवला की गलबलून येतं.

नमुने परगावच्या प्रयोगशाळेत गेले आणि वाट बघणं सुरू झालं. ते दिवस वाईट होते. आत्या घरात असून नसल्यासारख्या. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नाही, ती मला विचारायला लागली, 'भाजीत मीठ किती घालू?' मला वाटायचं त्या माझ्यावर रागावल्यात. आणि माझ्याही मनात यायचंच. तुम्ही हट्ट धरला नसता तर? बाबांनी एकदा तरी नाही म्हटलं असतं तर? तोंडावर येऊन परत जायचं.

स्वामींकडे काय मागावं तेही कळेना. आधी मागितलं, अहवाल कोरा येऊ दे, आमच्यात काही सापडू नये. मग लक्षात आलं, कोरा आला तर आम्ही पुन्हा अंधारात, आणि उरलेलं फुप्फुस झिजत राहणार. मग मागितलं, सापडू दे. पण सापडलं तर या घराचं काय होणार? आत्यांचं काय? एका दुपारी मशीनवर बसून ब्लाउजला हुक लावत होते आणि हाच घोळ मनात चालला होता. एकाएकी मला माझीच कीव आली. स्वामींनी काय द्यावं आणि कसं द्यावं, हे सगळं मीच बसून मापून बेतून कापत होते, गिऱ्हाइकाचं कापड असावं तसं. मी सुई खाली ठेवली. हात जोडले नाहीत, डोळेही मिटले नाहीत. नुसतं म्हटलं, मला मागता येत नाहीये. तुम्हाला जे द्यायचं ते द्या, ते घ्यायची ताकद असू द्या. बस, एवढंच. काही दिसलं नाही, सुगंध आला नाही. पण त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी मी पोटभर जेवले आणि आत्यांनाही आग्रह करून जेवायला घातलं.

अहवाल आला तेव्हा आत्या गुडघ्याचं कारण सांगून घरी राहिल्या. सोमवारच्या त्या डॉक्टरांच्या खोलीत एक समुपदेशक ताई संगणकाच्या पडद्यावर आल्या, आमच्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. इतक्या सावकाश आणि मायेनं त्यांनी सांगितलं की मला सगळं समजलं. आपल्या नाकापासून फुप्फुसापर्यंत आतून डोळ्यांना न दिसणारी बारीक लव असते. ती सतत हलते आणि धूळ, कफ बाहेर ढकलते. गौरीची लव जन्मापासून हलतच नाही. त्यामुळे कफ साठतो, साठला की कुजतो, आणि कुजला की फुप्फुस खातो. या आजाराला पीसीडी म्हणतात. शरीर घडवण्याच्या प्रत्येक सूचनेच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. माझी एक प्रत बिघडलेली आहे, ह्यांचीही तीच बिघडलेली आहे. पण दुसरी चांगली असल्यामुळे आम्हाला कधी काही झालं नाही. गौरीच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या. पुढच्या मुलाच्या वेळीही चारात एक अशी भीती राहील, पण आता नेमकं माहीत असल्यामुळे आधीच तपासता येईल.

ह्यांनी एकच विचारलं, "बरं होईल का?" डॉक्टर म्हणाले, हे मुळापासून बरं करणारं औषध आज नाही. पण क्षयाच्या गोळ्या पुन्हा कधी द्यायच्या नाहीत, दम्याची औषधं बंद, आणि रोज दोन वेळा छाती मोकळी करायची. वाफेतून मिठाचं पाणी, पालथं घालून थापट्या, भरपूर पळणं-खेळणं, ताप आला तर लगेच औषध. हे नेमानं केलंत तर उरलेलं फुप्फुस वाचेल, मुलगी मोठी होईल, शिकेल, तुमच्याशी भांडेल. हे ऐकून मी रडले. माझ्या मुलीच्या खोकल्याला सहा वर्षांनी एक खरं नाव मिळालं होतं आणि त्या नावाबरोबर करण्यासारखं काहीतरी हाती आलं होतं. असाध्य आजाराचं नाव ऐकून कुणाला आनंद होतो का? मला झाला. ज्यांनी नाव नसलेल्या दुखण्याशी झुंज दिलीय त्यांना हे सांगावं लागणार नाही.

घरी आत्या उंबऱ्यातच बसल्या होत्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "माझ्याकडनं आलं का?" हे त्यांच्याजवळ खाली बसले. म्हणाले, "आई, तुझ्याकडनं मला आलं, मामाकडनं हिला आलं, आन तुमाला आजीकडनं न्हायतर आजोबाकडनं आलं. त्यांना कुनाकडनं आलं, कुनास ठाऊक. त्या ताई म्हणाल्या, रंग-रूप जसं न सांगता येतं तसंच हे येतं. कुनी मुद्दाम देत न्हाय." आत्या उठून देवघरात गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "ते थापटायचं कसं, दाव मला."

शिकवायला पद्माअक्का आली. दोघींची जी जुंपली म्हणता! हात ओंजळीसारखा पोकळ हवा, सपाट हात लागला तर पोरीला दुखेल, असं अक्का सांगायची आणि आत्या म्हणायच्या, मला शिकवू नगंस, मी पाच बाळंतपनं निस्तरल्यात. पण शिकल्या. आता सकाळ-संध्याकाळ गौरी त्यांच्या मांडीवर पालथी पडते आणि त्या स्वामींचं नाव घेत थापटत राहतात. नामाला एक थाप, असा त्यांचा ठेका. कफ पडला की "हां, पडला बग," म्हणून असा आनंद करतात की बाहेरच्याला वाटावं घरात धनाचा हंडा सापडला. गौरी शाळेतल्या खेळांत पळायला लागलीय. खोकला आहेच, पण सकाळच्या उलट्या थांबल्या, ओठ निळे पडायचे थांबले. परवाच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, फुप्फुसाचा खराब भाग तेवढाच आहे, वाढलेला नाही.

मध्यंतरी बाबा बार्शीहून आले होते. फोनवर त्यांना सगळं कळलेलं होतं, पण समोर आल्यावर त्यांना राहवलं नाही. आत्या गौरीला मांडीवर घेऊन थापटत होत्या. बाबा खाली सतरंजीवर बसले, नातीच्या पाठीकडे बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "आक्का, आपलं चुकलं गं. हे लगीन करायला नगं हुतं."

आत्यांचा हात थांबला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. इतके दिवस जे माझ्या तोंडावर येऊन परत जात होतं, ते बाबांनी बोलून टाकलं होतं. आत्यांनी गौरीच्या केसांवरून हात फिरवला आणि शांतपणे म्हणाल्या, "म्हायती नव्हतं, ते खरं हाय. आता म्हायती झालं. हितनं म्होरं आपल्या घरात तपासल्याबगर नात्यात लगीन न्हाय, हे मी सगळ्या भावकीला सांगितलंय. पर ह्या दोगांचं लगीन चुकलं म्हनू नगंस रं. लगीन चुकलं म्हटलं तर ही पोर चुकली म्हनावं लागंल. आन ते मी म्हनायची न्हाय." आणि त्यांनी पुन्हा थापटायला सुरुवात केली.

माझ्या मनातला काटा त्या दिवशी निघाला. मी स्वामींकडे चमत्कार मागत होते, म्हणजे काय तर एका सकाळी गौरी उठावी आणि खोकला नसावा. ते झालं नाही आणि होणारही नाही. पण रांगेत सगळे मागे सरकले तेव्हा एक बाई पुढे आली. ज्या नात्यामुळे घर फुटेल अशी भीती होती, तेच नातं आज दोन्ही वेळा पोरीची पाठ थापटतंय. हे कुणी केलं, कसं केलं, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. मला मिळालं, मी घेतलं, आणि घेताना हात जोडले.

आता मी काही मागत नाही, असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण खोटं कशाला लिहू? अजून गुरुवारी जमेल तशी जाते आणि अजून मागते. आत्यांचं वय होत चाललंय, माझी बोटं शिवणाच्या कामानं आखडतात, आणि गौरीची पाठ रोज थापटायची आहे, कदाचित ती मोठी होऊन स्वतःचं स्वतः करायला शिकेपर्यंत. गाभाऱ्यासमोर उभी राहिले की मी म्हणते, स्वामी, तिचा श्वास तुम्ही सांभाळा. आमचे हात तेवढे थकू देऊ नका.